उजेडाची रोकड

हल्ली लग्नात फोटो काढला की काढणाऱ्याची आणि काढून घेणाऱ्याची मान एकाच वेळी खाली जाते. ‘बघू, कसा आलाय?’ एवढ्या एका वाक्यात निकाल लागतो. चेहरे उजळ दिसले तर फोटो छान. काळपट दिसले तर ‘परत एक घ्या.’ भर दुपारी वरात दारात आलेली असो की रात्री हॉलमध्ये आहेर चाललेला असो, निकाल देणारा न्यायाधीश एकच, तो म्हणजे तळहाताएवढा पडदा.

हा न्यायाधीश फितूर होणारा आहे. उन्हात पडदा फिका आणि काळवंडलेला दिसतो, म्हणून काढणारा उजेड वाढवतो. घरी येऊन पाहावे तर भटजींचे उपरणे आणि मागची चुन्याची भिंत एकाच पांढऱ्या डागात विरघळलेली. रात्री मंद दिव्यांच्या हॉलमध्ये तोच पडदा कंदिलासारखा झळकतो, सगळे कसे लखलखीत वाटते. आठवड्याने प्रिंट हातात येते तेव्हा सारे वऱ्हाड सुतकात असल्यासारखे दिसते. त्यातून आताचे फोन भोवतालच्या उजेडाप्रमाणे पडद्याची प्रखरता आपोआप कमीजास्त करतात. म्हणजे साक्षीदार घटकेघटकेला जबानी बदलतो.

याच पडद्याच्या कोपऱ्यात, एक कळ दाबली तर, लहानशा डोंगरासारखा आलेख उमटतो. त्याला हिस्टोग्राम म्हणतात. बहुतेक सगळ्या डिजिटल कॅमेऱ्यांत तो असतो, काही फोनच्या ‘प्रो’ प्रकारातही असतो, आणि बहुतेक लोक तो चुकून उमटला तर घाईघाईने घालवून टाकतात. हा लेख त्या आलेखाची बाजू मांडण्यासाठी आहे. आणि त्याच्याबद्दल शिकवल्या जाणाऱ्या एका गोष्टीविरुद्ध तक्रार करण्यासाठीही.

माझी तीस-बत्तीस वर्षे बँकेत गेली. त्यामुळे हा आलेख मला पाहताक्षणी ओळखीचा वाटला. बँकेत दिवसअखेर कॅशियर रोकड मोजतो. एकूण रक्कम जुळली म्हणजे काम संपले असे नसते. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या, पन्नासच्या, दहाच्या किती, चिल्लर किती, अशी फोड करून चिठ्ठी लिहावी लागते. त्या चिठ्ठीवरच्या आकड्यांऐवजी नोटांच्या थप्प्याच टेबलावर एका रांगेत उभ्या केल्या, तर जे दिसेल तोच हिस्टोग्राम. फरक एवढाच, की इथे रोकड उजेडाची असते आणि नोटांचे प्रकार २५६ असतात. शून्य म्हणजे मिट्ट काळा, २५५ म्हणजे कोरा पांढरा. फोटोतला एकेक ठिपका उचलायचा आणि आपापल्या थप्पीवर ठेवायचा. डावीकडे अंधाराच्या थप्प्या, उजवीकडे उजेडाच्या. जी थप्पी उंच, त्या उजळपणाचे ठिपके फोटोत जास्त. शास्त्र एवढेच.

‘हिस्टोग्राम’ हा शब्द कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात रूढ केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला आयतालेख म्हणतात, आणि ते नाव ऐकले की परीक्षेच्या आठवणीने पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. कॅमेऱ्यातला आलेख काहीही सिद्ध करायला सांगत नाही. तो मोजून ठेवतो. बाहेर ऊन आहे की सावली, पाहणाऱ्याचा चष्मा कोणता, वरमाई रागावली आहे की खूश आहे, यातल्या कशानेही त्याची मोजणी बदलत नाही.

या रांगेची दोन टोके आधी पाहावीत. उजव्या भिंतीला चिकटून एखादी थप्पी ताठ उभी असेल, तर त्या ठिपक्यांना २५५च्याही पलीकडे जायचे होते आणि कॅमेऱ्याकडे त्यांच्यासाठी खणच नव्हता. धोतराची चुणी, ढगाचा काठ, मोगऱ्याच्या गजऱ्यातली सुटी सुटी कळी, हे सारे तिथे एकच कोरा कागद होऊन बसते. मागाहून संगणकावर कितीही काळे करा, कोऱ्या कागदाचा करडा कागद होतो. चुणी परत येत नाही. डावे टोक त्या मानाने दयाळू. अंधारात बुडालेले थोडेफार वर काढता येते. मात्र वर काढताना चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

फिल्मच्या काळात वाढलेल्या मंडळींची इथे पंचाईत होते. निगेटिव्हची वृत्ती नेमकी उलटी होती. तिला उजेड जास्त झाला तरी ती बराचसा पचवायची. कमी पडला तर मात्र सावलीत काही उमटायचेच नाही. म्हणून जुने स्टुडिओवाले ‘थोडा जास्तच द्या’ असे शिकवत, आणि ते बरोबर होते. आमच्या पिढीचे बालपण आग्फाच्या क्लिक थ्रीसारख्या साध्या डब्यांनी टिपले. ऊन आहे की ढग एवढ्या अंदाजावर काम चाले आणि तरी फोटो येत, याचे श्रेय बरेचसे त्या सोशिक निगेटिव्हला आहे. डिजिटल सेन्सर हा नळाखाली ठेवलेल्या घागरीसारखा. काठापर्यंत चोख मोजतो, काठ ओलांडला की पुढचे सगळे सांडते. तेव्हा ‘थोडा जास्तच द्या’ हा सल्ला आता विसरायला हवा, आणि फोटो काढल्या काढल्या उजव्या भिंतीकडे एक नजर टाकायला हवी. तिथे काय सांडले? सूर्य, दिव्याची ज्योत, पितळी समईवरची चकाकी सांडली असेल तर खुशाल सांडू द्यावी. त्यात पाहण्यासारखे काही नव्हतेच. कुणाचे कपाळ सांडले असेल तर पुन्हा फोटो घ्यावा.

आता तक्रारीकडे येतो. फोटोग्राफीचे वर्ग, हौशी लोकांसाठी लिहिलेली पुस्तके आणि प्रत्येक घराण्यात एक तरी असतो तो कॅमेरेवाला मामा, हे सगळे एकमुखाने सांगतात की डोंगर मधोमध आला, दोन्ही बाजूंना छान उतरला, की फोटो बरोबर. हे मला अजिबात पटत नाही. कॅशियरची चिठ्ठी शंभराच्या नोटा किती ते सांगते. त्या कुणी भरल्या आणि कशासाठी भरल्या ते सांगत नाही. एखाद्या फोटोचे सगळे ठिपके सुटे करून पत्त्यांसारखे पिसले आणि वाटेल तसे पुन्हा मांडले, तर फोटोचा पार काला होईल, पण हिस्टोग्राम तसूभरही हलणार नाही. ज्याला चित्र ठाऊकच नाही त्याच्या आकारावरून चित्राची पारख कशी करणार?

दिवाळीच्या रात्री अंगणात पणत्यांची ओळ. आलेखाचा डोंगर डावीकडे, उजवीकडे दोन-चार सुया. बरोबर आहे. आषाढी वारीत पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ आभाळ. डोंगर उजवीकडे. तेही बरोबर आहे. पावसाने भिजलेले वेरूळचे कैलास लेणे, पत्थर काळाशार. डोंगर पुन्हा डावीकडे. या तिघांना ओढून मधोमध बसवले, तर पणत्यांची रात्र संध्याकाळ होईल, टोप्या मळतील आणि लेण्याला राख फासल्यासारखे होईल.

मधोमधचा हा हट्ट मुळात कॅमेऱ्याचा आहे. त्याच्यातल्या उजेडमापकाला समोर काय आहे ते कळत नाही. जगातल्या साऱ्या काळ्यापांढऱ्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येते, एवढे तो गृहीत धरून चालतो. छायाचित्रकार वर्षानुवर्षे जे करडे कार्ड वापरतात ते अठरा टक्के उजेड परत फेकते. आपल्या २५६ थप्प्यांच्या रांगेत त्याची जागा ११८च्या आसपास येते. मापक समोरच्याला त्या जागेवर ओढायला बघतो. चौकट भरून काळी म्हैस उभी करा, ती करडी येते. तिच्या जागी पांढराशुभ्र खिलार बैल उभा करा, तोही करडा येतो. निकॉनने १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे भाग पाडून मोजणारा मापक आणला. तेव्हापासून कॅमेरे पुष्कळ शहाणे झाले, आता तर ते चेहरेही ओळखतात. तरी अंदाज तो अंदाज.

अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास याच दुखण्यावर ‘झोन सिस्टीम’ नावाचा उपाय मांडला. मिट्ट काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या. मापकाला ‘इथे उजेड किती’ एवढेच विचारायचे. त्याला कोणत्या पायरीवर बसवायचे ते आपण ठरवायचे. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून मोटारीने जाताना अ‍ॅडम्सला गावावर चंद्र उगवलेला दिसला. स्मशानातल्या क्रुसांवर दिवसाचे शेवटचे ऊन होते. त्याने घाईघाईने कॅमेरा मांडला, आणि मापक काही सापडेना. चंद्राची प्रखरता किती असते तो आकडा मात्र त्याला पाठ होता. त्याने चंद्राला सातवी पायरी दिली, त्यावरून बाकीचा हिशेब मनातल्या मनात केला आणि फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. त्या फोटोचे जे प्रिंट जगभर गाजले त्यात वरचे सारे आभाळ काळेभोर आहे. कॅमेरेवाल्या मामांना त्याचा हिस्टोग्राम दाखवला असता तर त्यांनी ‘फुकट गेला’ म्हणून सांगितले असते.

अ‍ॅडम्सच्या या पायऱ्यांत एक बारीकशी नोंद आहे, आणि माझ्या दृष्टीने ती आपल्यासाठी सर्वांत मोलाची. गोऱ्या कातडीला तो सहावी पायरी देतो, सावळ्या त्वचेला पाचवी. एका पायरीचा फरक म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आपल्याकडे तर एकाच पंगतीत चौथी, पाचवी आणि सहावी पायरी मांडीला मांडी लावून जेवायला बसलेल्या असतात. सख्ख्या बहिणींत एक पायरीचे अंतर असते. आणि आपले सारे कौटुंबिक फोटो या अंतराला दोष समजून ते बुजवायच्या खटपटीत असतात.

स्थळांच्या जाहिराती वाचलेल्यांना गोरी, निमगोरी, गव्हाळ, उजळ ही उतरंड सांगायला नको. सावळ्या विठोबाला आळवणारा आपला समाज मुलीचा फोटो स्टुडिओत देताना ‘जरा फेअर करून द्या’ म्हणतो. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि शाईने ‘टचिंग’ व्हायचे. आता ते संगणकावर होते, आणि कित्येक फोनमध्ये ‘ब्यूटी’ नावाच्या सोयीने फोटो काढता काढताच उरकले जाते. सुरकुती पुसली, तीळ गेला, गोंदण फिके झाले, रंग उजळला. मग पाहुणे पाहायला येतात आणि फोटोतली मुलगी घरात सापडत नाही. त्या दिवाणखान्यातला तो क्षण मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. पोह्यांच्या बशा हातात तशाच राहतात. मुलगी मान खाली घालून बसते, तिने काही केलेले नसताना.

यात आपला दोष आहे, तसा या यंत्रांच्या वाडवडिलांचाही आहे. कोडॅक कंपनीकडून प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळांना १९५०च्या दशकापासून नमुना म्हणून एक कार्ड जात असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्लीची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर लागले. त्या मापात काळ्या माणसांचे चेहरे खड्ड्यात जात, डोळे नि दात तेवढे उरत. पुढे फिल्म सुधारली. पण कोडॅकच्या माजी अधिकाऱ्यांनी अभ्यासकांना सांगितले त्यावरून दिसते, की चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी ‘आमच्या तपकिरी छटा जाहिरातीत नीट येत नाहीत’ अशी कुरकुर केली तेव्हा तिकडे लक्ष गेले. शिसवी टेबलाला जे आधी मिळाले ते माणसाला त्याच्या मागून मिळाले. २०२१ साली गूगलने आपल्या पिक्सेल ६ फोनबरोबर ‘रिअल टोन’ नावाची सुधारणा आणली, ती काळ्यासावळ्या चेहऱ्यांचा रंग आहे तसा यावा म्हणून. म्हणजे यंत्रात खोट होती, हे आता यंत्र करणारेही मानतात.

रंगाच्या या उजळणीत नुसती हौस असती तर मी रविवारच्या पानावर एवढी शाई खर्च केली नसती. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. एका वर्षी तालुक्याच्या शाखेत एक म्हातारे गृहस्थ आले. उन्हात रापलेला, जवळजवळ काळा चेहरा, कपाळाला बुक्का. त्यांच्या पेन्शनच्या कागदावरचा फोटो कुठल्याशा स्टुडिओने इतका उजळून दिला होता की पिठात बुडवून काढल्यासारखा चेहरा आणि त्यात दोन डोळे, मिशी एवढेच शिल्लक. काउंटरवरचा पोरगा नवा होता, नियमाने चालणारा होता. तो म्हणाला, “आजोबा, हे तुम्ही नाही.” म्हातारबा फोटोकडे पाहत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मलाबी वाटतंच नाही ते मी हाय म्हणून. पन पेन्शन माझीच हाय.” सही होती, अंगठा होता, ओळख देणारे दोघे होते, काम झाले. त्या गृहस्थांच्या गालावर एक खोल व्रण होता. ओळख पटवायला तेवढी एक खूण पुरली असती, आणि स्टुडिओने नेमकी तीच उजेडात बुडवली होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की चेहऱ्याचा डोंगर आलेखात कुठे उभा आहे ते पाहावे आणि तो त्या माणसाच्या जागी उभा असू द्यावा. सावळ्या माणसाचा जवळून फोटो घेतला तर डोंगराचा माथा मधल्या रेषेच्या डावीकडे येणार. येऊ द्यावा. कॅमेऱ्याला ती चूक वाटेल, मामांना वाटेल, वाटू द्यावी. सावळेपण म्हणजे काळोख नव्हे, हेही तितकेच खरे. डोंगर डाव्या भिंतीला टेकला तर डोळ्यांखालचे, हनुवटीखालचे सारे बुडाले. तो भिंतीपासून चार पावले दूर हवा. सावळ्या चेहऱ्यावर कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा अशा ठिकाणी उजेडाचे छोटे छोटे तुकडे असतात, आणि चेहऱ्याचा घाट डोळ्यांना त्यांनीच कळतो. आलेखात तो डोंगराच्या उजव्या उतारावरचा बारीक गवताळ पट्टा असतो. उजेड वाढवला की पहिला बळी त्याचा जातो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले आहेत ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना काळ्या रंगात किती काय काय दिसू शकते ते सांगायला नको.

प्रत्यक्षात करायचे काय? नवरदेवामागे पांढऱ्या फुलांची भिंत असेल तर कॅमेरा घाबरून सगळे काळवंडतो. तिथे उजेड थोडा वाढवावा. मागे काळा पडदा असेल तर तो उलट चेहरा भाजून काढतो. तिथे कमी करावा. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून ते वरखाली सरकवले की हे होते. सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे भर उन्हातला पांढरी टोपी घातलेला रापलेला माणूस. टोपी सांभाळली तर चेहरा बुडतो, चेहरा सांभाळला तर टोपी सांडते. आलेखात दोन डोंगर दोन टोकांना उभे राहतात आणि मधे माळरान. इथे कॅमेऱ्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. माणसाला हाताला धरून पडवीत किंवा झाडाच्या सावलीत आणावे. दोन्ही डोंगर एकमेकांकडे सरकतात आणि रांगेत मावतात. घाई असेल, माणूस चालत्या दिंडीत असेल, तर टोपी जाऊ द्यावी. टोपी दुसरी मिळते.

हळदीचा फोटो हा वेगळाच घोटाळा. नवरीच्या गालाला ओली हळद, वर अकराचे ऊन. आलेख शहाण्यासारखा मधे दिसतो, उजवी भिंत मोकळी, आणि तरी घरी आल्यावर गालांवर पिवळ्या पत्र्यासारखा सपाट तुकडा. याचे कारण फोटोत लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांची तीन वेगळी खाती असतात आणि नेहमीचा आलेख ही त्यांची एकत्रित बेरीज असते. त्या बेरजेत हिरव्याचे वजन सर्वांत जास्त, लालचे त्याच्या साधारण निम्मे आणि निळ्याचे अगदीच थोडे. हळदीत लाल खाते काठोकाठ भरते, निळे जवळजवळ रिकामे राहते. बेरीज मात्र शांत दिसते. एका खात्यात जास्तीची उचल झालेली असताना शाखेचा एकूण आकडा सुरळीत दिसावा, तसेच हे. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहता येतात. हळद, कुंकू, झेंडूचे तोरण, जेजुरीचा भंडारा, जोतिबाचा गुलाल, असे काही समोर असेल तेव्हा तेच पाहावेत आणि लाल भिंतीला लागला असेल तर उजेड एक-दोन टप्पे उतरवावा. हल्ली रिसेप्शनच्या स्टेजवर जांभळे-निळे दिवे लावायची टूम निघाली आहे. तिथे निळे खाते फुगते आणि नवरानवरी शाईच्या दौतीत पडल्यासारखे दिसतात. त्यावर आलेख काय करणार? मंडपवाल्याला सांगून अर्धा तास पांढरे दिवे लावून घ्यावेत, एवढाच इलाज मला ठाऊक आहे.

अति करणारेही भेटतात. २००३ साली मायकेल राइकमन या छायाचित्रकाराने ‘डोंगर उजव्या भिंतीला लागणार नाही, पण शक्य तितका तिच्याजवळ न्या’ असा सल्ला लोकप्रिय केला. त्यामागे हिशेब आहे. बारा बिटांच्या रॉ फाइलीत उजेडाच्या एकूण ४०९६ पायऱ्या. त्यातल्या निम्म्या, २०४८, सर्वांत उजळ टप्प्यातच असतात, त्याखालच्या टप्प्यात १०२४, मग ५१२, असे घटत जाते. शिवाय उजेड जास्त गोळा झाला की दाणे कमी दिसतात, आणि माझ्या मते खरा फायदा हाच. पण असा फोटो नंतर संगणकावर बसून खाली उतरवावा लागतो. सह्याद्रीच्या कड्याचा फोटो घेताना हे जरूर करावे, कडा पळून जात नाही. अक्षता पडत असताना करू नये. आणि रॉ फाइल घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की कॅमेरा आलेख दाखवतो तो त्याने आपल्या मनाने तयार केलेल्या जेपेग चित्राचा. रॉमध्ये उजवीकडे बहुधा थोडी जागा शिल्लक असते.

माझी पुतणी लग्नांचे फोटो काढते, तिचा व्यवसायच आहे तो. तिला मी हे सारे ऐकवले तेव्हा ती म्हणाली, “काका, तुमचं पटतं. पण अल्बम दिल्यावर मुलीची आई मला फोन करते, ‘पैसे देऊनसुद्धा काळी काढलीस?’ तेव्हा तिला काय हिस्टोग्राम दाखवू?” प्रश्न अवघड आहे. तिने त्यावर शोधलेली युक्ती मला आवडली. ती लग्नाआधी घरी जाते, खिडकीजवळच्या उजेडात मुलीचा एकच फोटो घेते, मोठा छापते आणि तो मुलीच्या आजीला दाखवते. आईला नाही, आजीला. आजी हमखास म्हणते, ‘अगदी आपली आहे तशी आली.’ मग आई काही बोलत नाही.

आजीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. घरातले माणूस गेले की दहाव्याच्या आत फोटोची शोधाशोध सुरू होते. मोठा करून, चौकट घालून, हार घालून भिंतीवर लावायचा असतो. हजारो फोटो असतात आता, फोनमध्ये ठासून भरलेले, आणि कामाचा एक सापडत नाही. ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत असलेला चेहरा, फ्लॅशने कपाळ कोरे झालेला चेहरा, केक भरवताना निम्मा झाकलेला चेहरा. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करायची पाळी येते. ज्या घरात आजोबा-आजी आहेत त्यांनी या रविवारी दुपारी चारच्या सुमारास त्यांना पडवीत, गॅलरीत, नाहीतर खिडकीशी बसवावे, ऊन अंगावर न घेता. दोन-चार फोटो घ्यावेत. आलेख असेल तर उघडून पाहावा, उजवी भिंत मोकळी आहे ना, डावी आहे ना. डोंगर कुठे आहे याची फिकीर करू नये, तो त्यांच्या रंगाप्रमाणे उभा राहील.

आणि छापायला देताना स्टुडिओच्या पाकिटावर ‘टचिंग नको’ असे ठळक लिहावे. आमच्या गल्लीतला फोटोवाला माझ्या पाकिटावर ते आता न विचारताच लिहितो, आणि लिहिताना माझ्याकडे जरा कीव करून पाहतो.